अष्टमीचं पाणी

व्याह्यांकडे जाताना माणसं पेढे नेतात. कळव्याच्या दामाजी कोळ्याने फेकजाळं नेलं. सून वैशाली हिच्या माहेरी साखरपुडा होता. मुलगा सुदेश मॅचपायी घरीच राहिला, म्हणून सुनेसोबत दामाजीच आला. जेवणं उरकली आणि ऊन कलताच स्वारी कोणाला न सांगता नदीवर सटकली.

वर डोंगरात जुना जलाशय आहे. त्याचं पाणी जाडजूड नळांतून खाली वीजघरात उतरतं, चाकं फिरवतं आणि या नदीत पडतं. वीज जाते शहराकडे. वैशालीच्या पणजोबांचं गाव त्या जलाशयाच्या तळाशी आहे. शहरात दिवे लागावेत म्हणून त्यांची घरं बुडाली आणि त्यांच्याच घरात दिवा यायला दोन पिढ्या गेल्या. पण हे दामाजीला कोण सांगणार, आणि सांगितलं तरी तो ऐकणार थोडाच! त्याला दिसली ओसरलेली नदी, मधला काळा कातळ आणि कातळावरच्या डबक्यांत अडकलेले मासे.

जन्म खाडीत गेलेला माणूस पाणी ओसरलेलं बघून तिथी आठवतो. आज अष्टमी. अष्टमीची भरती मवाळ, जोर नसलेली. दामाजी निर्धास्तपणे दगडांवरून कातळावर गेला. तेवढ्यात भोंगा वाजला. कळव्यात कंपन्यांचे भोंगे ऐकतच तो म्हातारा झालेला. पाळी सुटली असेल म्हणून त्याने जाळं झटकलं आणि पुन्हा फेकलं.

घरात ना सासरा ना जाळं, आणि भोंगा झालेला, हे बघून वैशाली धावत, ठेचकाळत कातळावर आली. "बाबा, चला लवकर! पाणी सोडलंय!"

"माना पानी शिकवतेस काय गो? आज अष्टमी हाय!"

"बाबा, ही खाडी नाहीये! संध्याकाळी तिकडे सगळे लाइट लावतात ना, तेव्हा इथे पाणी येतं!"

दामाजी हसला. हसून होईपर्यंत ती ज्या दगडांवरून आली, ते दगड दिसेनासे झाले होते.

काठावर वैशालीचे वडील भगवान आले, त्यांनी बघितलं आणि मोटारसायकल काढून ते वीजघराकडे सुटले. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. असलं पाणी दामाजीने पाहिलं नव्हतं. खाडी येताना आधी कळवते, वास येतो, वारा फिरतो. हे मुकाट्याने चढत होतं. त्याला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज. ही पोर त्याच्या हट्टापायी इथे उभी होती, आणि तिला पोहता येत नव्हतं.

"बाबा, तुम्ही पोहून जा," वैशाली म्हणाली. तिचे दात वाजत होते. "तुम्हाला जमेल."

जमलं असतं. एकट्याला नक्की जमलं असतं. दामाजीने जाळ्याची दोरी सोडवली, एक टोक तिच्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या.

"आता कसा जाऊ, सांग," तो म्हणाला. "धर माना घट्ट."

कातळाचा तेवढाच तुकडा, त्यावर चार पाय, आणि चहूकडून पाणी. इकडे सरकायची सोय नाही, तिकडे नाही. पाणी कमरेला आलं. तिकडे दूर कोणीतरी घरी येऊन बटण दाबत असेल, पंखा, टीव्ही, मिक्सर. त्यांना काय ठाऊक? दामाजीलाही सकाळपर्यंत कुठे ठाऊक होतं? आयुष्यभर त्यानेही बटणं दाबलीच होती. वैशाली रडत होती आणि तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत "नाय गो, नाय गो," एवढंच म्हणत होता.

पाणी छातीशी येऊन थांबलं. बराच वेळ तिथेच राहिलं. मग कातळ पुन्हा काळा दिसू लागला. भगवान वीजघरात वेळेवर पोचले होते.

दुसऱ्या दिवशी कळव्याला घरी आल्यावर सुदेश कुरकुरला, "काल ऐन मॅचमध्ये लाइट गेलेली!" वीजघर थांबलं म्हणून कळव्यात अंधार होतो असं काही नसतं, वैशालीने नीट समजावलं. दामाजीने ऐकून घेतलं, पण पटवून घेतलं नाही.

आता संध्याकाळी लाइट गेली की अख्खी चाळ शिव्या घालते. दामाजी मात्र उठून बाहेर येतो.

"गप बसा रे," तो म्हणतो. "कोनीतरी अडकलं असंल. त्याला येऊ दे काठाला."