आठवड्याची बारा मिनिटं

पुरुषोत्तम देवस्थळींनी जन्मात कधी धोका पत्करला नव्हता. बहुधा म्हणूनच कंपनीनं त्यांना धोक्यांचे प्रमुख केलं होतं.

अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या त्या लांबुडक्या, खिडक्या न उघडणाऱ्या इमारतीत अंतराळ स्थानकावर पाठवायचं एक कपाट तयार होत होतं. कपाट म्हणजे कपाटाएवढं यंत्र. त्यात प्रयोग चालणार, प्रयोगांच्या वायरी तापणार, आणि तापलेल्या वायरीतून कधी धूर निघालाच तर तो ओळखायला आत एक धूरशोधक बसवलेला. स्थानकावर तीन माणसं राहत होती, आणि धूर झाला म्हणून खिडकी उघडायची त्यांना सोय नव्हती. ही गोष्ट इमारतीतल्या दोनशे माणसांना ठाऊक होती, पण बहुतेकांना ती मगवर छापलेली बरी वाटायची. दोन हजार तीनच्या अंतराळयानाच्या अपघातानंतर ‘सुरक्षितता प्रथम’ असे निळे मग टेबलाटेबलावर आले होते. शुभा दांडेकर आपल्या मगात पेनं ठेवत असे.

शुभाकडे धोक्यांची वही होती. वही आपली म्हणायची. खरं म्हणजे कॉम्प्युटरवरचं लांबलचक कोष्टक. एका ओळीत एक धोका. तो घडण्याची शक्यता किती, घडला तर नुकसान किती, त्यावर उपाय काय, उपायाचा पुरावा काय. त्यावरून ओळीला रंग: लाल, पिवळा, हिरवा. पुरुषोत्तमराव यातलं काही वाचत नसत. ते थेट शेवटच्या रकान्यात जात, जिथं ‘बंद’ असं लिहिलेलं असे किंवा नसे. दर तीन महिन्यांनी किती धोके बंद केले याची मेल ते सगळ्यांना पाठवत, आणि तिच्या जोरावर बक्षिसाच्या लाकडी पाटीवर स्वतःचं नाव कोरून घेत. पाट्या सहा झाल्या होत्या.

पाट्यांची गोडी लागल्यावर वहीत नव्या जातीचे धोके यायला लागले. कॉफी मशीनची वायर पायात येते: सोमवारी उघडला, बुधवारी चिकटपट्टी लावून बंद. पार्किंगमध्ये पानं साचून घसरायला होतं: उघडला, झाडला, बंद. मागच्या तिमाहीत ‘एकोणीस धोके बंद’ अशी मेल आली तेव्हा शुभानं मोजून पाहिलं. त्यातले चौदा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यापेक्षा वर कधी जाणारच नव्हते.

वर जाणारी होती ती सत्तेचाळिसावी ओळ, आणि ती काही केल्या बंद होत नव्हती.

“मॅडम, सिंपल आहे,” राजेशनं तिला समजावलं होतं. राजेश नागपूरचा, चाळिशीला टेकलेला, चाचण्यांच्या खोलीत एकटा रमणारा. “वर धूर वर जात नाही. वर म्हणजे काय तेच नाही ना तिथं. म्हणून पंखा हवा ओढतो आणि सेन्सरवरून नेतो. पंख्याच्या तोंडाशी जाळी. कपड्यांचे तंतू, केस, कातडीचा भुसा, सगळं तरंगत तिथंच येऊन बसतं यार. मी टेस्ट केली. नऊ दिवसांत जाळी बंद.”

“मग?”

“मग सेन्सरवरून हवाच जात नाही. आत वायर जळू दे, त्याला पत्ता नाही.”

“आणि दिवा?”

“हिरवाच. दिवा करंट बघतो, हवा बघत नाही.” राजेशनं खांदे उडवले. “मी रिपोर्ट पाठवला. माझं काम ओव्हर.”

या इमारतीत सगळ्यांचंच काम ओव्हर झालेलं असे, हे शुभाला नवीन नव्हतं. सत्तेचाळीसच्या उपायाच्या रकान्यात ‘जाळी दर आठवड्याला साफ केली जाईल’ असं चार वर्षं लिहिलेलं होतं. हा मजकूर खुद्द पुरुषोत्तमरावांचा. त्यांना तो इतका पुरेसा वाटत होता की येत्या गुरुवारच्या आढाव्यात, म्हणजे ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्राची माणसं फोनवर असताना, ते ओळ हिरवी दाखवून बंद करणार होते. त्यानंतर कपाटाला कोणी हात लावणार नव्हतं. पेटीत जाईल, पेटीतून वर जाईल. फक्त शुभाची सही राहिली होती.

त्याआधी दसऱ्याचा रविवार आला, आणि पुरुषोत्तमरावांकडे दुपारचं जेवण. तीस माणसं, सोनं म्हणून मेपलची पानं, आणि सुलभावहिनींच्या हातचं श्रीखंड, जे कुणाच्या तरी धक्क्यानं शुभाच्या ओढणीवर आलं. सुलभावहिनी तिला कपडे धुवायच्या खोलीत घेऊन गेल्या. ओढणी धुऊन ड्रायरमध्ये टाकली, वीस मिनिटांनी काढली तरी दमटच.

“दोनदा फिरवावं लागतं हल्ली,” वहिनी म्हणाल्या. “माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी खाली वाकत नाही, आणि कपड्यांचे तंतू अडकतात ती जाळी आहे खाली.”

शुभानं वाकून जाळी ओढली. तिच्यावर करड्या लोकरीचा असा जाड थर होता की त्यातून एखाद्या तान्ह्याचं टोपडं निघालं असतं.

“पुरुषोत्तमराव काढत नाहीत?”

“त्यांना विचारा बरं, जाळी कुठं असते ते,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “नऊ वर्षं झाली या घराला.”

शुभानं विचारलं. चारचौघांत, पुरी वाढून घेता घेता, अगदी सहज. “पुरुषोत्तमराव, तुमच्याकडे ड्रायरची जाळी कोण साफ करतं हो?”

“जाळी?” पुरुषोत्तमरावांनी क्षणभर विचार केला. “होते की ती.”

सगळे हसले. पुरुषोत्तमरावही हसले, कारण सगळे हसत होते. शुभा मात्र पुरी हातात धरून बसली. या माणसाच्या घरात गोष्टी होतात. चहा होतो, इस्त्री होते, जाळी साफ होते. कोण करतं हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी शिरलेलाच नाही, आणि चार वर्षांपूर्वी त्यांनी तेच डोकं घेऊन वहीत लिहिलंय.

सोमवारी सकाळी तिनं सत्तेचाळीसचा माग काढला. उपायाच्या रकान्यापुढे पुरावा: ‘पाहा, अंतराळवीरांची कार्यपद्धती, पान बारा.’ पान बारा उघडलं. झाकण कसं काढायचं, जाळी कशी पुसायची, चित्रांसकट सुरेख लिहिलं होतं. केव्हा आणि किती वेळा करायचं? ‘पाहा, धोक्यांची नोंद, ओळ सत्तेचाळीस.’ दोन कागद एकमेकांकडे बोट दाखवून चार वर्षं निवांत बसले होते, आणि त्या दोघांच्या भरवशावर नऊ जणांनी खाली सह्या ठोकल्या होत्या.

नऊ बावळट, असं मनाशी म्हणत तिनं सह्या वाचायला घेतल्या. पाचवी देवस्थळींची, ते ठीकच. पहिली ‘तपासले’ या शब्दासमोरची. एस. डी., बारा मार्च दोन हजार चार.

अक्षर तिचं होतं.

तिनं त्या दिवसाची जुनी नोंद काढली. तो शुक्रवार होता, आणि त्या दुपारी तिनं अकरा कागद तपासले होते. दोन तासांत अकरा. ज्या बाईनं इमारतीतल्या प्रत्येकाच्या आळसाचा मनातल्या मनात हिशेब ठेवला होता, तिच्या स्वतःच्या नावावर हा आळस चार वर्षं जमा होता आणि तिला दिसला नव्हता. पुरुषोत्तमरावांबद्दल तिला जेवढा तिटकारा होता तेवढाच, रेसभरही कमी नाही, तिला त्या एस. डी.चा आला.

मग तिनं ह्यूस्टनला फोन लावला.

बुधवारी पुरुषोत्तमरावांनी बोलावलं. “या, शुभाताई, बसा.” एरवी त्यांच्या तोंडी ‘शुभा’ असे; ‘ताई’ निघालं की सही हवी असायची. “उद्या सत्तेचाळीस क्लोज करतोय. तुमचं तेवढं राहिलंय.”

“जाळी कोण साफ करणार?”

“क्रू.”

“कधी?”

“वीकली लिहिलंय ना.”

“कुठल्या वारी? किती वाजता? त्या माणसांचा दिवस पाच-पाच मिनिटांनी आखलेला असतो, दात घासण्यासकट. त्या आखणीत आपल्या जाळीची बारा मिनिटं नाहीत. मी परवा ह्यूस्टनला फोन करून विचारलं.”

पुरुषोत्तमराव खुर्चीत ताठ झाले. “फोन केलात? कुठल्या कपॅसिटीत?”

“कानाला लावून.”

“तसं नव्हे हो. आपण त्यांना कॉन्ट्रॅक्टमध्ये झीरो मेंटेनन्स लिहून दिलंय. आता बारा मिनिटं मागायची म्हणजे ते विचारणार, इतकी वर्षं काय केलंत? माझ्या तोंडाकडे बघतील सगळे.”

“फोनवर आहेत. दिसणार नाही.”

“तुम्हाला थट्टा सुचते.” त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघा, नऊ दिवस ही राजेशची वर्स्ट केस. प्रत्यक्षात तीन आठवडेही जातील. कुणीतरी जाता-येता पुसेलच की.”

“होईल ती साफ,” शुभा म्हणाली.

“एक्झॅक्टली.”

त्यांना काही लागलं नाही. दोघांनीही या देशाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली होती, कारण त्याशिवाय या इमारतीचं दार उघडत नसे. शपथेच्या वेळी यांनी तोंड नुसतं हलवलं असेल, असं तिला आत्ता खात्रीनं वाटलं.

पुरुषोत्तमरावांनी पेन टेबलावर आपटलं. “आणि समजा मागितली. मग यात चूक नक्की कुणाची, हे आधी एस्टॅब्लिश व्हायला नको?”

शुभा याचीच वाट पाहत होती. तिनं फाइलमधून पान बारा काढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि पहिल्या सहीवर बोट टेकलं. “एस. डी. म्हणजे मी. कार्यपद्धतीत वार नाही, वेळ नाही, माणूस नाही, आणि ‘तपासले’ म्हणून सही माझी.”

देवळाबाहेर आपल्या चपला जागेवर सापडाव्यात तसा पुरुषोत्तमरावांचा चेहरा झाला.

“अरेरे,” ते म्हणाले. “म्हणजे हे क्लेरिकल ओव्हरसाइट झालं.”

“झालं. तसंच लिहा. कारण: दांडेकर यांची चूक. दुरुस्ती: आठवड्याला बारा मिनिटं. दोन्ही एकाच पत्रात. पहिलं हवं असेल तर दुसरं घ्यावं लागेल.”

“याचे परिणाम होतील, शुभाताई. वही तुमच्याकडे ठेवता येणार नाही मला.”

“नका ठेवू.”

ते विचारात पडले. चूक दुसऱ्याची, मागणी आपली, म्हणजे ह्यूस्टनला आपण ती शोधून काढल्यासारखं दिसेल, हे गणित त्यांच्या कपाळावर उमटताना तिला स्पष्ट दिसलं. “दहा केली तर? दहा जरा बरी दिसतात. बारा म्हणजे कुणी हिशेब करून मागितल्यासारखं वाटतं.”

“हिशेब करूनच मागतोय. राजेशनं हातमोजे घालून पाच वेळा साफ करून पाहिली. जमिनीवर पाय टेकून बारा लागतात. तरंगत तर जास्तच.”

“दोन मिनिटं ते ॲडजस्ट करतील.”

शुभानं पान उचललं आणि फाइलमध्ये ठेवलं. “मग चूक कुणाची ते तुम्हीच एस्टॅब्लिश करा. नऊ सह्या आहेत. पाचवी तुमची.”

पुरुषोत्तमरावांनी भिंतीवरच्या सहा पाट्यांकडे एकदा पाहिलं.

“बारा,” ते म्हणाले.

गुरुवारी पुरुषोत्तमरावांनी पत्र मोठ्यानं वाचलं. शुभाचं नाव त्यांनी दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा तिच्याकडे दुःखानं पाहिलं. फोनच्या पलीकडे पानं उलटली गेली. मग एका बाईचा आवाज आला: चूक-बिक राहू दे, बारा मिनिटं कुठल्या वारी हवीत?

पुरुषोत्तमरावांनी शुभाकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांच्या पत्रात नव्हता.

“शनिवारी,” शुभा म्हणाली.

शनिवार चालेल, आवाज म्हणाला, शनिवारी तसंही ते घर झाडतात. आणि तो पुढच्या विषयाकडे वळला. ज्या मागणीच्या नुसत्या भीतीनं हा माणूस चार वर्षं बिळात बसला होता, ती मंजूर व्हायला भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे दीड मिनिट लागलं.

शुक्रवारी शुभाची बदली झाली. आता ती छापील अर्जांचे नमुने सांभाळणार होती, खिडकीपासून दूर. वही राजेशकडे गेली. देण्याआधी तिनं सत्तेचाळिसाव्या ओळीला पिवळा रंग दिला आणि त्याला बजावलं, “वरून ‘साफ केली’ असा पहिला निरोप येईपर्यंत हिरवी करायची नाही. कुणीही सांगितलं तरी.”

“सर तर ऑलरेडी मोजून बसलेत, मॅडम. मेल आली ना. वीस क्लोज्ड.”

“मोजू दे. तू रंग बदलू नकोस. सही तुझी लागते.”

राजेशनं पहिल्यांदाच मान डोलावण्याआधी थोडा वेळ घेतला.

दुपारी पुरुषोत्तमराव तिच्या नव्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात निळा मग, चेहऱ्यावर औदार्य. “रागावला नाहीत ना माझ्यावर?”

“तुमच्यावर? नाही हो. रागवायला समोर कुणीतरी असावं लागतं.”

“तेच म्हणतो मी,” ते समाधानानं म्हणाले, “मनात काही ठेवू नये,” आणि गेले.

संध्याकाळी ह्यूस्टनहून सुधारलेल्या आखणीचं एक पान आलं. तिला पाठवायचं कारण उरलं नव्हतं, पण फोनवरच्या त्या बाईनं पाठवलं होतं. शनिवार, दहा चाळीस ते दहा बावन्न, कपाटाची जाळी साफ करणे. शेवटच्या रकान्यात एका माणसाचं नाव होतं, आडनावासकट. शुभानं ते दोनदा वाचलं, आणि या खेपेला तिनं तारीखही तपासली.