तिच्यादेखत, इंग्रजीत

"शी पास्ड अवे दिस मॉर्निंग," फोन खाली ठेवत माधवराव मुलाला म्हणाले. मग आवाज जराही न बदलता बायकोकडे वळले, "चहात आलं घातलंस ना गं?"

चंद्रप्रभाबाईंच्या हातातली गाळणी हातातच राहिली.

"हू?" आलोकने विचारलं.

"हर मदर. युवर मामा कॉल्ड. डोन्ट टेल हर नाऊ. आफ्टर द फंक्शन."

"ओके. टेक हर फोन, बाबा. मामा मे कॉल हर."

'एक्स्पायर' म्हटलं असतं तर भांडी घासणाऱ्या बाईलाही कळलं असतं, म्हणून माधवरावांनी शब्दसुद्धा निवडून वापरला होता. अशा बाबतीत ते फार काळजी घेत.

माधवरावांना इंग्रजी येत होतं, ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव ठळक घटना. अहमदपूरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर ते शिकवलं, म्हणजे गाईडमधून फळ्यावर उतरवलं. घरात मात्र त्याचा उपयोग निराळा होता. बायकोला कळू द्यायचं नाही ते इंग्रजीत बोलायचं. मुलगा शिकला तसा तोही या कारभारात सामील झाला. चंद्रप्रभाबाई भोकरच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. बापलेक ताटावर बसून इंग्रजीत बोलू लागले की त्या पोळी घेऊन जरा लांबच थांबायच्या, देवळात आरतीला थांबावं तशा. पुरुषांचं काहीतरी मोठं बोलणं चाललं असेल, असं बिचारीला वाटायचं.

मग एकदा शेजारच्या साक्षी नावाच्या मुलीने त्यांच्या मोबाइलवर एक चॅनेल लावून दिलं. त्यात एक हसरी मुलगी मराठीतून रोजच्या वापरातली वाक्यं शिकवायची. भाजी महाग आहे. मला उशीर झाला. तिला सांगू नकोस. कुणी वारलं तर काय म्हणायचं, तेही तिने शिकवलं. चंद्रप्रभाबाई लसूण सोलता सोलता, आवाज बारीक करून बघायच्या आणि पुटपुटत म्हणायच्या.

माधवरावांनी ते एकदा पाहिलं आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

"म्हातारपणी विलायतेला जायचंय का? अगं, इंग्रजी असं मोबाइलवर येत नसतं. त्याला डोकं लागतं."

डोकं फारसं लागलं नाही. चिकाटी लागली आणि ती त्यांच्याकडे संसार करूनही शिल्लक होती. आलोक दिवाळीला पुण्याहून आला तेव्हा बापलेकांचं एक वाक्य त्यांना अख्खं समजलं. वरण खारट झालंय, पण बोलू नकोस, तोंड पाडून बसेल. दुसऱ्या दिवशी आणखी एक समजलं. तिचा भाऊ आला तर जेवायला थांबवू नकोस. चंद्रप्रभाबाई स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना किळस आली. ज्या गाठोड्यापुढे जन्मभर मान झुकवली, त्यात नुसत्या चिंध्या होत्या. पण त्या कुणाजवळ काही बोलल्या नाहीत. नवऱ्याची लाज झाकायची त्यांना सवयच होती.

आज माधवरावांचा पंचाहत्तरीचा सत्कार होता. माजी विद्यार्थ्यांनी कार्यालय घेतलं होतं, पत्रिकेत 'सपत्नीक' असं ठसठशीत छापलं होतं. दोघांना शेजारी बसवून ओवाळणार होते. आता लेकीच्या कानावर आईची बातमी पडली की सुतक लागतं, मग कसली शाल आणि कसलं ओवाळणं? बातमी पडलीच नाही तर सुतकही नाही. माधवरावांनी स्वतः ती फोनवर धडधडीत मराठीत ऐकली होती. पण स्वतःच्या कानांचा हिशेब त्यांनी धरलाच नाही. असली माणसं शास्त्र नेहमी दुसऱ्याच्या अंगावर बेततात.

मागच्याच आठवड्यात आईचा फोन आला होता. "चंद्रे, कवा येतीस? लई वाट बघून राहिले मी." चंद्रप्रभाबाई पिशवी भरायला लागल्या तर माधवराव म्हणाले होते, सत्कार होऊ दे, मग महिनाभर रहा.

"आई, फोन दे ना, चार्जिंगला लावतो," आलोक म्हणाला. एरवी आईचा फोन कुठे पडलाय याची त्याला शुद्ध नसायची.

"हाय चार्जिंग," म्हणत त्यांनी चहाचे कप दोघांपुढे ठेवले आणि त्या आत गेल्या. पलंगावर पैठणी काढून ठेवलेली होती. ती त्यांनी कपाटात टाकली. सुती साडी नेसून, पिशवी घेऊन बाहेर आल्या तेव्हा माधवराव आरशासमोर नवं जाकीट ओढत होते.

"हे काय नेसलीस?"

"भोकरला निघाले."

"आज? कशाला?"

"आईच्या मातीला."

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कुणी सांगितलं तुला?" माधवराव ओरडले.

"तुम्हीच. आत्ता, माझ्यासमोर."

शरम वाटायला हवी होती तिथे माधवरावांना कार्यक्रम आठवला.

"अगं, पण त्या तर गेल्याच ना! तू चार तास उशिरा गेलीस तर काय उठून बसणारेत? तिथे स्टेजवर दोन खुर्च्या मांडल्यात. लोक काय म्हणतील?"

चंद्रप्रभाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. या माणसाचं ताट पुसून ठेवण्यात आपला जन्म गेला.

"माझ्या जागी सुपारी ठेवा. बायको नसली की चालते."

"आई, गाडीनं सोडतो..." आलोक अर्धवट उठला, बापाकडे पाहिलं आणि परत बसला. त्याच्याकडूनही त्यांना काही मिळालं नाही.

नांदेडपर्यंतच्या एसटीत त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मध्येच भावाचा फोन आला. "अक्का, तू आल्याबिगर उचलत न्हाई आम्ही. ये सावकाश." नांदेडला गाडी बदलली. तोवर रडू संपलं होतं, आईचं तोंड दिसावं एवढंच उरलं होतं.

भोकरला अंगणात माणसं दाटली होती. किशनराव पुढे आला, बहिणीच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या मागे पाहू लागला.

"दाजी?"

तब्येत बरी नाही, गुडघे धरलेत, असं काहीतरी बोलायची जिभेला इतक्या वर्षांची सवय होती. आज ते आलं नाही.

"त्येंचा सत्कार हाय आज."

किशनरावाने मान खाली घातली. बायकांनी सरकून जागा केली, एकीने आईच्या तोंडावरचं धडुतं बाजूला केलं. चंद्रप्रभाबाई मातीत बसल्या आणि आईच्या कपाळावर आलेली पांढरी बट त्यांनी बोटाने मागे सारली.

"आले बघ गं आई," त्या म्हणाल्या.