नवशाचे मुंडासे

"लाव आंगठा आणि घेऊन जा तुजं मेण," सावळाराम रखवालदार म्हणाला आणि त्याने शाईची डबी जिवलीपुढे सरकवली.

जंगलनाक्याच्या ओट्यावर, त्याने जप्त केलेला, पळसाच्या पानांत बांधलेला मेणाचा पिवळा गोळा पडला होता, चांगला नारळाएवढा. त्यासाठी जिवली आदल्या दिवशी स्वतः कड्यावर चढली होती. ठाकरांच्या वाडीत स्त्रीने कड्यावर चढण्याची रीत नव्हती. मधमाश्यांच्या दंशांनी तिचा डावा डोळा पुरता मिटला होता.

"काय लिवलंय त्यात?"

"एवढंच, का तुजा नवरा नवशा दरसाल कड्यावरची पोळी चोरून न्यायचा. कडा यंदा मक्त्यानं दिलाय. मागली पोळी कुठं गेली म्हून मक्तेदार इचारतो. कोनाचं तरी नाव लागंलच ना? गेलेल्या मानसाला कोन बेडी घालतंय, गो?"

"त्यानं चोरी नाय केली. देवळासाठी नेलं. मागल्या रखवालदाराला सांगून नेलं."

"मग दाखव कागद."

"कागद नाय. त्याची बदली झाली."

"मग आंगठा."

जिवलीने उजवा हात पदराखाली घेतला. "मेण ऱ्हाऊ दे तुज्याकडं. माजा आंगठा त्याच्या नावाला काळं लावायचा नाय."

"आणि सणाला काय जाळशील? बोटं?"

"ते माजं मी बगीन," असे म्हणून ती ओट्यावरून उतरली.

तो १९४४ सालच्या पवित्र आठवड्यातील बुधवार होता. किन्हवलीच्या अलीकडे, माळावर, मिशनचे एक कौलारू देऊळ होते. अकरा वर्षांपूर्वी तेथे नवशाने बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच दिवशी त्याने शब्द दिला, की पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाची मोठी मेणबत्ती दरसाल आपल्या हातची असेल. ती मेणबत्ती मधमाशीच्याच मेणाची असावी लागते. पुनरुत्थित प्रभूचे ते चिन्ह. या सेवेचे मोल नवशाने कधी घेतले नाही. जिवलीही देवळाची जमीन सारवी, दारातला रांजण नदीच्या पाण्याने भरी, आणि त्याबद्दल कोणी आभार मानले तर संकोचून दुसरीकडे पाही.

गेल्या पौषात नवशा तापाने गेला. आपले देव सोडले म्हणूनच गेला, असे वाडी उघड बोलू लागली. जाण्यापूर्वी तो बायकोला एवढेच म्हणाला होता, "मेण चुकवू नको."

गुरुवारी ती देवळात गेली तेव्हा फादर इनास घंटेची दोरी वर बांधून ठेवत होते. शनिवारपर्यंत घंटा मुकी राहणार होती. फादर मूळचे वसईकडचे. वृत्तीने शांत आणि वयाने थकलेले. त्यांनी सारे ऐकून घेतले.

"जिवलीबाई, गेल्या वर्षीच्या मेणबत्तीचा तुकडा शिल्लक आहे. यंदा तोच लावू. देव समजून घेईल."

"देव समजंल, बाबा. सावळाराम काय समजंल? वाडी काय समजंल? मानूस मेला तसा त्याचा शब्द पन मेला, असंच ना?"

फादरांनी दोरीची गाठ आवळली. उत्तरासाठी जिवली थांबली नाही.

शुक्रवारी दुपारची उपासना आटोपून ती घरी आली आणि चुलीवर मोठे मडके चढवून तिने पाणी उकळत ठेवले. मग ती खुंटीपाशी जाऊन उभी राहिली.

खुंटीवर नवशाचे मुंडासे होते. घरात दुसरे धडके वस्त्र नसल्यामुळे तो दरसाल वितळलेले मेण त्यातूनच गाळी आणि सण झाला की तेच पुन्हा डोक्याला बांधी. अकरा वर्षांचे मेण धाग्याधाग्यांत मुरत गेले होते. वस्त्र लाकडासारखे कडक झाले होते. त्याने जसे शेवटचे काढून ठेवले तसेच ते होते. त्याच्या डोक्याचा गोल घेर, उजव्या कानावरचा किंचित उतार, सगळे जसेच्या तसे. त्याची आई, म्हातारी बाईजा, रोज सकाळी उठली की त्याच्यावरून हात फिरवी.

जिवलीने मुंडासे खाली काढताच बाईजा दारातून ओरडली, "कुठं नेतेस ते?"

"उकळायला."

"भुताटली का गो तू? त्याचं डोकं हाय त्यात!"

"डोकं मातीत गेलं, आये. ह्यात मेण हाय."

"तुज्या त्या नव्या देवानं पोरगा नेला. आता ह्ये पन त्यालाच देतेस?"

"देवाला नाय देत. नवशाचं नवशाला देते." जिवलीचा आवाज चढला. "नाक्यावर कागद लिवून ठेवलाय, तुजा पोरगा चोर व्हता म्हून. माज्या आंगठ्यासाठी थांबलाय तो कागद. शनवारी मेनबत्ती नाय लागली, तर आंगठ्याबिगर पन तो खरा व्हईल."

जिवलीने मुंडासे पाण्यात सोडले. पहिल्या उकळीबरोबर त्याचा घेर ढासळला. वस्त्र सैल होऊन मडक्यात पसरले, आणि पाण्यावर सोनेरी तवंग येऊ लागला. काडीने ते वर उचलून तिने पिळण्याचा प्रयत्न केला. पण एवढे लांब वस्त्र एकटीच्या हाताने पिळले जाईना, आणि वाफेने हात भाजत होते.

तेव्हा बाईजा पुढे आली. तिने दुसरे टोक धरले. दोघींनी उलट दिशांनी पीळ घातला. धार मडक्यात पडत राहिली.

"नीट धर," म्हातारी खांद्याला डोळे पुसत खेकसली. "सांडतंय बग."

पाणी निवल्यावर वर मेणाचा पातळ पापुद्रा धरला. तो वितळवून जिवलीने बांबूच्या बारीक नळीत ओतला, आणि वातीसाठी मुंडाशाच्या काठाचे सूत काढले. मेणबत्ती झाली ती करंगळीहून थोडी मोठी, धुरकट रंगाची.

शनिवारी सकाळी देवळाबाहेर चकमकीने नवा अग्नी पेटवण्यात आला. देवळातल्या पुरुषभर उंचीच्या दीपस्तंभावर ती चिमुकली मेणबत्ती बसवण्यासाठी फादरांना खाली ओल्या मातीचा आधार द्यावा लागला. प्रभूच्या पाच जखमांच्या स्मरणार्थ तिच्यात धुपाचे पाच खडे रोवायचे असतात. त्यांनी ते फोडून मोहरीएवढे केले आणि पाचही रोवले. मग ज्योत लागली. दारातून येणाऱ्या लख्ख उन्हात ती जेमतेम दिसत होती. दोन दिवस मुकी असलेली घंटा वाजू लागली, आणि मागच्या दाराशी, उंबऱ्याच्या बाहेर, म्हातारी बाईजा पायांवर बसून एकटक वर पाहत राहिली.

घंटा ऐकून सावळारामही आला होता. मिस्साविधी संपून माणसे बाहेर पडू लागताच त्याने जिवलीला अडवले.

"पुन्ना कड्यावर गेलीस?"

"नाय."

"मग मेण कुठून आनलंस?"

"घरातून."

"घरात कुठून आलं?"

"नवशाच्या डोक्यावरून." तिने खांद्यावरचे धुतलेले मुंडासे त्याच्या हातात दिले. "बग. जप्त करायला उरलंय का काय?"

सावळारामने ते उलगडले, उजेडात धरले, नाकाजवळ नेले. मऊ, विटके, चारचौघांसारखे वस्त्र. आत दीपस्तंभावर मेणबत्तीचा अर्धा भाग अजून जळत होता. बाहेर पडलेली माणसे थांबून त्याच्याकडे पाहत होती.

"नदीवर जायचंय," जिवली म्हणाली. "रांजण रिकामा हाय. आन इकडं."

त्याने मुंडासे परत दिले.

शुक्रवारपर्यंत ज्या वस्त्राला घडी पडत नव्हती, त्याची चुंबळ आता एका पिळात झाली. ती डोक्यावर ठेवून तिने वर रांजणाजवळचा रिकामा घडा चढवला. आडवाट जवळची होती. पण जिवली नाक्यावरून जाणाऱ्या रस्त्याने, घड्याला हात न लावता, चालत गेली.