जांभळी काच

समीक्षाच्या गालावरची लाली परत आली ती आधी तिच्या सासूला दिसली. बाईजा ओटीवर तांदूळ पाखडत बसली होती. सून केस बांधायला वळली आणि बाईजाचं सूप हातातच थांबलं.

"परत आलं गो तुला!"

समीक्षाचा हात आपसूक गालावर गेला. कातडी गरम लागली.

"उन्हात उभी ऱ्हातंस तू," बाईजा म्हणाली. "डॉक्टरनी सांगितलंय तरी."

"कुठे राहते आई? कपडेसुद्धा मी आत पडवीत वाळत घालते."

"मंग असंच आलं का?"

दोन वर्षांपूर्वी समीक्षाचे सांधे धरले, ताप हटेना, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टे उठले. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, ल्युपस आहे, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं असा आजार. गोळ्या चालू ठेवायच्या आणि उन्हाला जपायचं. "नुसतं अंगणातलं ऊन नाही," बाई म्हणाल्या होत्या, "गाडीच्या काचेतूनही ते किरण येतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण तुम्हाला त्रास द्यायला पुरतात."

गाडी तर तिची रोजची. नवरा हरेश किन्हवलीकडची माणसं आपल्या ईको गाडीत भरून सकाळी मुरबाडच्या एमआयडीसीत सोडायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. समीक्षा पुढे त्याच्या शेजारी बसायची. मुरबाडला स्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये ती कामाला होती. डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकून तिचा धाकटा भाऊ भाविक स्वतःच गाडी घेऊन गेला. मुरबाडातच त्याने गाड्यांच्या सीटकव्हर, हॉर्न आणि काचांच्या फिल्मचं दुकान टाकलं होतं. संध्याकाळी गाडी आली ती चारी बाजूंनी काळीभोर होऊन.

"बस ताई आता राणीसारखी," भाविक म्हणाला होता. "ऊन आत शिरायचं नाय."

त्या दिवसापासून गाडीत बसलं की ती तोंडावरचा स्कार्फ काढून ठेवायची. आत सावली, एसीचा गार वारा, मागे माणसांच्या गप्पा. दिवसातला तेवढाच वेळ तिला आजारी असल्याचं आठवत नसे. चट्टेही हळूहळू गेले होते.

आणि आता हे परत.

कल्याणला डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या. "उन्हात जाणं होतंय का?" त्यांनी विचारलं. समीक्षा नाही म्हणाली, तरी बाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. परतीच्या वाटेवर सरळगाव मागे पडल्यावर हरेश म्हणाला, "गोळ्या घेतंस ना टाइमावर? खरं सांग."

"तुमाला काय वाटतं, टाकून देते मी?"

"तसं नाय गो. पन मग होतं कसं?"

ते तिलाही कळत नव्हतं आणि त्यानेच जीव थाऱ्यावर नव्हता. तिने खिडकीला जाड चादर लावली. पलंग सरकवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर आणला. पाणी भरायला जायचं बंद केलं. आंबट सोडलं, वांगं सोडलं. भाकरी थापता थापता उठून आरशात बघून यायची. समीक्षा दारात गेली की बाईजाची नजर मागे यायची. स्वतःच्याच घरात चोरासारखं वावरणं तिच्या वाट्याला आलं होतं.

एका दुपारी मेडिकलमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. गॉगलच्या स्टँडवरच्या आरशात तिने पुन्हा तोंड पाहिलं. मान इकडे केली, तिकडे केली, आणि तशीच थबकली. उजवा गाल स्वच्छ होता. लाली होती ती सगळी डाव्या गालावर. तिने बाह्या वर सारल्या. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत पुरळ, उजवा हात साफ. हा आजार काही अर्ध्या अंगाला होत नाही. मग डावीकडे असं काय होतं?

संध्याकाळी हरेशने गाडी आणून लावली. ती दार उघडायला गेली आणि हात दांडीवरच राहिला. रोज घाईत चढायची, बाहेरून काच अशी तिने कधी पाहिलीच नव्हती. काळी फिल्म आता काळी राहिली नव्हती. जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तशी ती जांभळी झाली होती. कोपऱ्यात फोड आले होते, खालची कड सुटून वळली होती. रंग रोज थोडा थोडा उतरत गेला, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि सकाळी मुरबाडला येताना ऊन डावीकडून, संध्याकाळी घरी जाताना पुन्हा डावीकडूनच. ती वाटभर तोंड झाकून बसली. हरेशने विचारलं तेव्हा "उद्या सांगते" एवढंच म्हणाली. तिला आधी खात्री करायची होती.

सकाळी तिने मागच्या काचेची एक पट्टी नखाने ओढली. कांद्याच्या सालीसारखी ती सुटून आली. मेडिकलच्या गल्ल्यात नोटा तपासायचा हातातला छोटा दिवा होता. त्याच्या निळसर उजेडात खऱ्या नोटेतले बारीक धागे चमकतात. तो उजेड म्हणजे त्या न दिसणाऱ्या किरणांचाच भाऊबंद, हे तिला दुकानाचे मालक कमळूशेठ यांनीच कधीतरी सांगितलं होतं. तिने नोटेवर साधी प्लॅस्टिकची पिशवी धरली, धागे चमकले. पिशवीला ऊन अडवायचं क्रीम फासून धरली, धागे विझले. मग तिने जांभळी पट्टी धरली.

धागे लखलखीत चमकत होते. मध्ये काही नसल्यासारखे.

"काय चाललंय गो?" कमळूशेठनी विचारलं.

"शेठ, हा दिवा जरा घेऊन जाऊ? भावाकडे जाऊन येते."

छत्री, स्कार्फ, हातमोजे घालून ती भर दुपारी निघाली. भाविकच्या दुकानात शाम नावाचा एक पोरगा आपल्या स्कॉर्पिओसाठी फिल्म बघत होता. त्याला एकदम डांबरासारखी काळी हवी होती. समीक्षाने जांभळी पट्टी काउंटरवर टाकली.

"ही कुठली लावलीस मला?"

भाविकने पट्टीकडे पाहिलं, मग शामकडे. "ताई, नंतर बोलू ना. गिऱ्हाईक हाय."

"आत्ताच बोलायचंय."

"जुनी झाली असंल. बदलून देतो, त्यात काय एवढं? दुकानात येऊन आवाज कशाला चढवतंस?"

समीक्षाने स्कार्फ सोडला. डावा गाल त्याच्यापुढे केला.

भाविक काउंटरमागून बाहेर आला. त्याने विचारलं, "कधीपासून?"

"महिना होऊन गेला. घरात सगळ्यांना वाटतंय मी उन्हात फिरते. मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

"मला वाटलं, काळी म्हणजे काळी. आत अंधार झाला म्हंजे ऊन थांबलं." तो स्टुलावर बसला. "एक टेम्पोवाला बिननावाचे रोल टाकून जायचा. स्वस्तातले. तुझ्याकडनं पैसे घ्यायचे नव्हते ताई, म्हणून त्यातलीच लावली. चांगली दुसऱ्यांसाठी ठेवली."

समीक्षाला वाटलं ओरडावं, दिवा काउंटरवर आपटावा. ती तसं करणारही होती. पण भाविकची मान इतकी खाली गेली होती की तिला त्याच्या डोक्यातला लहानपणी पडल्याचा व्रण दिसला. तिने दिवा त्याच्या हातात दिला.

"बघ एकेक. माझ्यासमोर."

त्याने रोल काढायला सुरुवात केली. शामने निवडलेली काळी फिल्म नोटेवर धरली, धागे चमकले. दुसरी धरली, चमकले. तिसरीला थोडे मंदावले. भाविक घामाघूम झाला. शाम हसत म्हणाला, "ताई, आपल्याला फक्त काळी पायजे, नोटा नाय तपासायच्या," आणि शेजारच्या दुकानात निघून गेला. मागच्या फळीवर धुळीत एक रोल पडला होता. एक कंपनीवाला नमुन्याला देऊन गेलेला, जवळजवळ पारदर्शक. लावूनही लावल्यासारखा दिसत नाही म्हणून कोणी घेत नव्हतं. भाविकने तो नोटेवर धरला आणि धागे पटकन विझले. त्याने काढून पुन्हा धरला. पुन्हा विझले.

"हिच्यात तर आरपार दिसतंय," तो पुटपुटला.

"हीच लाव."

"किती टिकंल ते सांगता येणार नाय ताई. खोटं नाय बोलत आता. हा दिवा घेऊन अधूनमधून बघत ऱ्हा."

नमुन्याचा रोल पुढच्या दोन दारांपुरताच निघाला. हरेश आला तेव्हा तिने त्यालाही नोट, पट्टी, दिवा सगळं दाखवलं. तो धाग्यांकडे बघत राहिला. मग बाह्या सारून त्याने साबणाच्या पाण्याची बादली उचलली आणि जुन्या फिल्मचा डिंक ब्लेडने खरवडू लागला. एका दारावर भाऊ, दुसऱ्यावर नवरा. खरवडता खरवडता हरेश काचेकडेच बघून म्हणाला, "गोळ्यांचं इचारायला नको व्हतं मी."

"विचारलंत ते विचारलंत," समीक्षा म्हणाली. "आईला तेवढं तुमीच सांगा."

त्याने सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी खिडकीवरची चादर बाईजाने स्वतः काढली, धुतली, आणि तिथे जाड कापडाचा शिवलेला पडदा लावला. जेवताना माशाचा मधला तुकडा समीक्षाच्या ताटात पडला.

भाविकने नंतर टेम्पोवाल्याला त्याचे रोल परत घ्यायला लावले. गिऱ्हाइकांना दिव्याखाली फिल्म दाखवायचा तेव्हा काही ऐकायचे, बरेचसे शाम गेला त्या दुकानाकडे वळायचे. एका रविवारी तो नवा रोल घेऊन घरी आला आणि गाडीच्या उरलेल्या काचा करून गेला.

सोमवारी सकाळी माणसं गाडीत चढली तशी मागून ओरड झाली. "हरेशभाऊ, एवढ्या उजेडात झोपायचं कसं?"

"नका झोपू," हरेश म्हणाला. "गप्पा मारा."

चट्टे जायला पुढे दिवाळी उजाडली. त्या सोमवारी मात्र गाडीत बसूनही समीक्षाने स्कार्फ काढला नाही. गाडी निघाली, ऊन डावीकडून आलं, आणि तिची बोटं काचेच्या कडेवरून फिरू लागली. कुठे सुटलंय का, कुठे फोड आलाय का. हरेशने एकदा तिच्या हाताकडे पाहिलं आणि गाडी जरा हळू घेतली.