खोकणाऱ्या माणसाचा आकडा

मित्रांनो, माझ्या पाठीचं झाकण हरवलंय, तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली आहे. खुंटी फिरवली की पोटात वाळू सरकल्यासारखं होतं. मी एक जुना तीन बँडचा रेडिओ आहे. ब्याऐंशी साली सोमाजीने मला बल्लारपूरहून आणलं आणि वैनगंगेकाठच्या ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, टोलीत, आपल्या घरच्या कोनाड्यात बसवलं. तेव्हा माझा थाट काय विचारता! गाणी लागली की अर्धी टोली अंगणात जमायची.

एका पावसाळ्यात, दुपारी, सोमाजीची बायको गुणाबाई शॉर्टवेव्हवर उगाच खुंटी फिरवत होती. स्टेशनं संपली, नुसती खरखर उरली, आणि त्या खरखरीतून एका पुरुषाचा आवाज आला. आधी खोकला, मग "हॅलो, हॅलो" आणि मग हिंदीत आकडे: "एक आठ दो, दशमलव चार." ना नाव, ना गाव. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तोच आवाज, तोच खोकला. टोलीत तर्कांना ऊत आला. शेजारचा बुधू म्हणाला, "हा मटक्याचा आकडा होय, वहिनी. गपचूप लावून टाकू." त्याने लावलाही आणि हात पोळून घेतले. कोणी म्हणालं हेर आहे, कोणी म्हणालं नदीत बुडालेल्याचा आत्मा.

गुणाबाई भ्याली नाही. टोलीची एक रीत आहे. पावसाळ्यात सकाळी घाटावर जो पहिला जाईल त्याने पाण्याच्या कडेला बांबूची काडी रोवायची, म्हणजे नदी चढली की उतरली ते कळतं. आवाजाचा आकडा फुगला की संध्याकाळपर्यंत काडी बुडते, हे तिने महिनाभर ताडून पाहिलं. मग एकदा जेवताना म्हणाली, "अवो, हा मानूस आपली नदीच मोजून राह्यला. वरतं कुठीतरी बसला हाय."

सोमाजीला पटेना. पण चार दिवस आकडा आणि काडी जुळताना पाहिली, आणि त्याने चक्क मला हात जोडले. तेव्हापासून दुपारचा आकडा ऐकल्याशिवाय टोलीतला एकही डोंगा पाण्यात जात नसे. त्या खोकणाऱ्या माणसाचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, गुणाबाई मात्र त्याला 'आपला भाऊ' म्हणायची. चार पावसाळे मी त्याचा आवाज त्या घरात आणला. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेच.

पाचव्या वर्षी श्रावणात झड लागली. माझे सेल उतरले, आवाज मुंगीएवढा झाला. उतरलेले सेल आपल्याकडे उन्हात वाळवतात, थोडा जीव येतो त्यांच्यात. पण ऊनच नव्हतं. गुणाबाईने ते काढून चुलीच्या उबेला ठेवले. सोमाजीचं जाळं पलीकडे लावलेलं होतं.

"सेल शेकू द्या जी, आकडा आयकून जा," ती म्हणाली.

"काल काडी बुडली नाई, आज का बुडन? हा गेलो न् हा आलो."

तो गेला. दुपार झाली, आकड्याची वेळ झाली. मी कोनाड्यात रिकाम्या पोटाने बसलो होतो. तो आवाज माझ्या अंगावरून जात असणार, मित्रांनो, पण मला तो धरता येईना. तिसऱ्या दिवशी खालच्या गावाला डोंगा सापडला. सोमाजी सापडला नाही.

त्यानंतर गुणाबाईने मला पोत्यात गुंडाळून आढ्याला टांगलं. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात घाटावर पाणी मोजायची पट्टी रोवायला सरकारी माणसं आली. त्यांतले एक वयस्क गृहस्थ, वामनराव, पाणी मागायला अंगणात आले आणि खोकले. गुणाबाईच्या हातातला तांब्या जागीच थांबला.

"भाऊ, तुमी वायरलेसवर आकडे बोलता का जी?"

"हो बाई. वरच्या चौकीवर. तुमाले कसं माहीत?"

तिने त्या श्रावणातल्या दिवसाचं विचारलं. ते म्हातारे लगेच म्हणाले, "तो दिवस इसरत नाई. नदी एकदम दीड मीटर चढली. हापिसाले आकडा एकदाच सांगाचा असते, मी तीनदा सांगतलो. वाटलं, खाली कोनी आयकत असन तर..."

गुणाबाईने पोतं खाली काढलं, पदराने मला पुसलं. "आयकतच होतो जी आमी. चार सालं रोज आयकलं. त्या दिवशी सेल चुलीपाशी होते."

वामनरावांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्यांनी आपल्या टॉर्चमधले सेल काढून माझ्या पोटात घातले. गुणाबाईने खुंटी नेमक्या त्या जागी आणली. नुसती खरखर होती, बोलणारा माणूस तर तिच्या अंगणात बसला होता. तरी ती कान लावून ऐकत राहिली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

आता मिरग लागायच्या आधी ती माझ्यात नवे सेल घालते. आकडा ऐकते, घाटावर धावत जाऊन ओरडून सांगते, आणि आकडा फुगला असला की डोंगे वर ओढले जातात. मित्रांनो, मला फुलं नकोत, हात जोडणं नको. झाकण नाही मिळालं तरी चालेल. फक्त पावसाळ्यात मला उपाशी ठेवू नका. वर कोणीतरी तीनदा सांगत असतं.