न मोडलेला तुकडा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं काळं अंग आता पांढुरकं पडलंय, झाकणाची एक बिजागरी दोऱ्याने बांधलेली आहे, आणि माझ्याकडून एक भयंकर गोष्ट घडली आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी ऐट काय वर्णावी! एका व्हायोलिनवाल्याच्या बायकोने मला निवडलं. तो दिवसभर शिकवण्या घ्यायचा, ती लोकांचे कपडे शिवायची. संध्याकाळी मात्र दोघांचा भलताच उद्योग चाले. तो व्हायोलिनच्या तारांना कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा, कधी बादलीत नळ सोडायचा आणि तिच्या शिलाई मशीनच्या ठेक्यावर वाजवत बसायचा. शब्द नाहीत, गाणं नाही. शेजारी म्हणायचे, "दोघांचंही डोकं फिरलंय." स्टुडिओतल्या एका साहेबांनी तर पाच मिनिटांत कॅसेट परत दिली. म्हणाले, "यात वाजवलंय कमी आणि शिवलंय जास्त." ती हसून हसून बेजार झाली. मला मात्र राग आला. अहो, मी ऐकलं होतं ना!

बटणं दाबायचं काम कायम तिचं. "यंत्राचं आणि माझं हाडवैर," तो म्हणायचा. नवं वादन भरायचं असलं की ती लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबायची; नुसतं ऐकायला शेजारचं एकटंच पुरे. खट्-खट् झालं की तो वाजवायला लागायचा. जुन्या कॅसेटवरच नवं भरायची त्यांची सवय. एकच कॅसेट त्यांनी राखली होती. "दिवसभर लोकांसाठी वाजवतो, हे आपल्यासाठी," तो म्हणाला, म्हणून तिने त्या कॅसेटवर निळ्या पेन्सिलीने 'आपलं' असं लिहिलं. अर्ध्या तासाचं वादन, फक्त शेवट बाकी.

आता एक नीट ऐका. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकचा चिमुकला तुकडा असतो. तो मोडला की लाल बटण दबतच नाही, मग भरलेलं कुणाला पुसता येत नाही. तो तुकडा त्यांनी मोडला नाही. शेवट सुचल्यावर मोडू, म्हणाले. वीस वर्षं गेली.

आणि मग ती गेली.

दोन महिने माझ्यावर धूळ बसली. एका मंगळवारी सकाळी तो खुर्ची ओढून माझ्यापुढे बसला. डोळ्यांना जाड भिंगं, तरी धड दिसत नव्हतं. चाचपडत त्याने ती कॅसेट घातली. त्याला फक्त तिचं मशीन ऐकायचं होतं. पण बटणांचा एकच आवाज त्याच्या कानांत बसलेला, खट्-खट्. त्याने दोन्ही बटणं एकदम दाबली.

नको! अहो, नको! मी आतल्या आत ओरडलो. पण माझं काय चालणार? दाबलेल्या बटणाचा मी ताबेदार. मी पुसत गेलो. व्हायोलिन पुसलं, नळाचं पाणी पुसलं, तिचं मशीन पुसलं. तो बिचारा कान देऊन बसलेला. पाच मिनिटांनी म्हणाला, "आज रुसलीस वाटतं," आणि मला बंद केलं. बुधवारी कॅसेटची पट्टी जिथे थांबली होती तिथूनच पुढे. गुरुवारीही तेच.

शुक्रवारी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी नर्स आहे. "यंत्र बोलत नाही गं," तो म्हणाला. "हो, हो, नाही लावत हात. रविवारी ये." फोन ठेवला आणि ये रे माझ्या मागल्या, खट्-खट्! मला वाटलं, माझी मोटर जळावी, पट्टा तुटावा, निदान वीज तरी जावी. काही म्हणजे काही झालं नाही. मेलं, उभ्या जन्मात मी इतका ठणठणीत कधी नव्हतो. शनिवारीही पुसलं.

रविवारी लेक आली. कॅसेट मागे फिरवून तिने एकच बटण दाबलं. आतून खुर्चीची करकर ऐकू आली, त्याचा श्वास, आणि मध्येच, "लाग की गं."

तिचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही कुठली बटणं दाबत होतात?"

त्याने दाखवली. तिने हळूहळू सगळं सांगितलं. तो रडला नाही. "सगळं गेलं?" एवढंच विचारून त्याने माझ्या झाकणावर हात ठेवला. मला भंगारात टाका, पण तो हात पुन्हा नको.

लेकीने कॅसेट पुढे पळवली. शेवटची चार-पाच मिनिटं उरली होती. व्हायोलिन वाजता वाजता थबकलं. मशीन थोडा वेळ एकटंच चाललं, मग तेही थांबलं आणि तिचा आवाज आला.

"का हो, थांबलात?"

"शेवट सुचत नाही."

"सुचेल हो. मी तुकडा मोडत नाही. घाई काय आहे?"

खट्.

लेकीने पर्समधून पिन काढली आणि ती नुसती हातात धरून बसली. "बाबा, मोडू? पण शेवट..."

"मोड," तो म्हणाला. "हाच शेवट."

मित्रांनो, तुमच्या घरात आपल्या माणसाचा आवाज असलेली अशी एखादी कॅसेट असेल, तर शेवट सुचायची वाट बघू नका. आजच तो तुकडा मोडा. मला हात नाहीत, नाही तर जोडले असते. मला पुन्हा पुसायला लावू नका.