तिसऱ्या रेघेची जागा

मी कसोटी. सोनं घासून पारखायचा काळा दगड. दगड आहे, पण स्वस्थ बसणाऱ्यांतली नाही. 'दगडासारखा गप्प बस' असं माणसं पोरांना दरडावतात ना, तेव्हा मला हसू येतं. ज्यांना दगड गप्प वाटतात, त्यांनी एकदा हातातली अंगठी माझ्या पोटावर ओढून बघावी. असं बोलेन की घरी जाऊन दोन दिवस जेवण जाणार नाही.

माझा जन्म नदीच्या पात्रातला. मालकांच्या वडिलांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून शंभर दगड उलटेपालटे केले, शंभर टाकून दिले आणि मला उचललं. काळीकुट्ट, बारीक दाण्याची, अंगावर एक शीर नाही. रूपाचा गर्व मला तेव्हापासून आहे. शिकवायला कुणी बसलं नाही मला. जे शिकले ते अंगावर घासून घेऊन शिकले.

सोनं माझ्यावर ओढलं की रेघ उमटते. शुद्ध सोनं मऊ, लोण्यासारखं उतरतं. तांबं मिसळलेलं असेल तर रेघ लालसर, चांदी असेल तर फिकट. शेजारी ठरलेल्या कसाच्या सुईने दुसरी रेघ ओढायची आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडायचा. चांगली रेघ जागची हलत नाही, हलकी विरून जाते. आणि पितळ? ते फसफसतं, हिरवं होतं आणि पळ काढतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशा किती सोनुबाया मी बघितल्या त्याला गणती नाही.

मोती आणि पाचू माझ्या वाटेला येत नाहीत. मोत्याला तेजाबाचा शिंतोडाही सोसत नाही. त्याची पारख दाताशी. खरा मोती दाताला किंचित खरखरतो, नकली गुळगुळीत लागतो. पाचूत आत बारीक चिरा असतात, तर गिऱ्हाइकं कुरकुरतात, "डागाळलेला दिलात." अहो, निर्मळ मोठा पाचू कुणी स्वस्तात देऊ लागला, तर काच आहे म्हणून समजा! पण माणसांना चिरा नको असतात. दगडातही नको आणि नात्यातही नको.

आमची पेढी जिना चढून गेल्यावर पहिल्या मजल्यावर. पुढच्या खोलीत मालक, गादीवर. मागच्या खोलीत त्यांची बायको, सगळे तिला वहिनी म्हणतात. दिवसाची कामं संपली की वहिनी मला धुवायची, जुन्या रेघा घासून काढायची, तेलाचं बोट फिरवायची. तेवढ्या वेळात रेघा निरखून निरखून ती पारख शिकली, हे मालकांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्यांनी मानलं नसतं. गिऱ्हाइकांपुढे वहिनीने मला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम.

एका दुपारी दोघी बहिणी आल्या. आई जाऊन महिना झाला होता. आईची दोन सोन्याची कडी, जोडीची, दोघींनी एकेक घ्यायची होती. थोरली म्हणाली, "वाटणीआधी एकदा बघून द्या. मनात काही राहायला नको."

मालकांनी शिरस्त्याप्रमाणे एक कडं आतल्या बाजूने घासलं. बाहेर ओरखडा दिसतो, म्हणून सगळेच कारागीर आतून घासतात. पहिली रेघ पिवळीधमक. मग दुसऱ्या कड्याची. मग दोन थेंब.

पहिली रेघ तशीच. दुसरी विरली.

"हे बावनकशी," मालक म्हणाले. "आणि हे हलकं आहे. या जोडीतलंच नाही हे."

दुसरी रेघ खोटी नव्हती. पण ती कड्याची नव्हती, कड्यावरच्या झाळीची होती. तुटलेला जोड सांधायला जे हलकं सोनं वितळवून भरतात, ती झाळ. मालकांनी नेमकं सांध्यावर घासलं होतं! मला सगळं कळत होतं आणि तोंड फुटत नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोरली धाकटीकडे वळली. "आई तीन वर्षं तुझ्याकडे होती. कडीही तुझ्याकडेच होती."

"मग?"

"मग काय? मग तूच सांग."

"मी आईची अंथरुणं बदलली, ताई," धाकटी उठत म्हणाली. "कडं नाही बदललं." दोन्ही कडी तिने थोरलीपुढे सरकवली. "घे, दोन्ही तुलाच. पण माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस." आणि ती जिना उतरली.

आवाज ऐकून वहिनी ओल्या हातांनी बाहेर आली. तिने कडं बघितलं, माझ्या पोटावरच्या रेघा बघितल्या.

"अहो, कुठे घासलंत?"

"आतून. नेहमीसारखं. तुला काय कळतंय यातलं?"

"कळतंय तेवढं ऐका. बावीस वर्षं या कसोटीचं तोंड मी धुतेय. या कड्याला झाळ तुम्हीच दिलीय."

"मी? माझाच जोड मला दिसला नसता?"

"दिसू नये म्हणून तर दिला होतात!" वहिनी थोरलीकडे वळली. "पाच वर्षांपूर्वी तुमची आई जिन्यावरून पडली होती. हात असा सुजला, की कडं निघेना. इथे एकटीच आली. मी हात धरला, ह्यांनी कडं कापलं. म्हणाली, पोरींना कळता कामा नये, दोघी कामंधामं टाकून धावत येतील. असं सांधा की त्यांच्या बापालाही दिसू नये."

मालकांच्या आयुष्यातला सगळ्यात सफाईदार जोड होता तो. त्यानेच त्यांना फसवलं.

वहिनीने कडं उचललं. आत नाही, बाहेरून, सांध्याच्या समोरच्या बाजूने माझ्यावर ओढलं. गिऱ्हाइकापुढे, नियमबियम धाब्यावर बसवून! तिसरी रेघ. तिसरा थेंब.

रेघ जागची हलली नाही.

थोरलीने रेघेकडे नीट पाहिलंही नाही. "आई पडली होती?" एवढंच म्हणाली. मग कडी मुठीत घेऊन धावली, अनवाणी. चपला आमच्या दारातच राहिल्या.

पुढे काय झालं? खालच्या गर्दीत ती बहिणीला गाठू शकली की नाही? मी दगड, मला जिना कुठला उतरता येतो! चार दिवस चपला दारात तशाच. चार दिवस वहिनीने ती तिसरी रेघ पुसली नाही. दोन रेघा घासून काढल्या, ती एक ठेवली. मालकांनी बघितलं आणि तशीच राहू दिली. रेघ पोटावर घेऊन मी तळमळत होते. पावलं वाजली की वाटायचं, आली. यायचं भलतंच कुणी.

पाचव्या दिवशी धाकटी आली. "ताईच्या चपला राहिल्यात इथे," म्हणाली. हातात झाळीचंच कडं.

"का गं, हेच घेतलंस?" वहिनीने विचारलं.

"ताई देत नव्हती. म्हणे, ज्यात आईने दुखणं लपवलं ते कडं माझं. भांडून घेतलं मी."

ती गेल्यावर वहिनीने रेघ पुसली.

आता पेढीत यंत्र आलंय. त्यात दागिना ठेवला की आकडे दिसतात. मी शेजारी फडताळात कोरडी पडून असते. तेलाचं बोट कधीतरीच फिरतं. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही, पण बघतं तेही वरवरच, आणि तेही एकाच जागी. म्हणून मालक अजून दागिना हातात घेतला की आधी विचारतात, "हे कधी कापलं होतं का हो?" गिऱ्हाइकं चमकतात. वहिनी मागच्या खोलीतून हसते.

माझं एवढंच मागणं आहे. पारखा, खुशाल पारखा. सोनं पारखा, माणसं पारखा. पण दोन रेघांवर निकाल देऊन मोकळे होऊ नका. माझं पोट मोठं आहे. तिसऱ्या रेघेला त्यावर नेहमी जागा असते.